वाचकांचे प्रश्न : कथेतला कर्ता कुठे गेला?

या वेळच्या सदरासाठी निवडलेली पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. कथेतील वाक्ये ढिली का पडतात, कर्मणी रचना खरोखरच टाळावी का, आणि टाळायची तर तिच्या जागी काय ठेवावे, हे वेगवेगळ्या वाचकांनी आपापल्या परीने विचारले आहे. पत्रे लांब असल्यामुळे त्यांतील मुख्य प्रश्न तेवढा येथे देत आहोत.

प्रश्न : कथालेखनाच्या एका कार्यशाळेत आम्हाला ‘पॅसिव्ह व्हॉइस टाळा, वाक्य दुबळे होते’ असे बजावले. नंतर शालेय व्याकरणाचे पुस्तक उघडून पाहिले, तर ‘तिने पत्र लिहिले’ हे साधे वाक्यही कर्मणी प्रयोगाचे निघाले. या हिशेबाने माझी निम्मी कथा बाद होते. मी नेमके काय टाळायचे?

उत्तर : तुम्हाला मिळालेला सल्ला इंग्रजी लेखनाच्या मार्गदर्शनातून आलेला आहे आणि इंग्रजीपुरता तो बहुतांशी योग्यही आहे. अमेरिकी प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांच्या १९१८ सालच्या लेखनपुस्तिकेत ‘ॲक्टिव्ह व्हॉइस वापरा’ असा स्वतंत्र नियमच आहे, आणि इंग्रजी कादंबरीकार जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर लिहिलेल्या निबंधाच्या शेवटी जे सहा नियम दिले, त्यांतही तो सापडतो. मात्र दोघांनीही या नियमाला लगोलग मुरड घातली होती. पॅसिव्ह रचना अनेकदा सोयीची आणि काही वेळा आवश्यकच असते, हे स्ट्रंक यांनी त्याच ठिकाणी नोंदवले. आणि वाक्य ओबडधोबड होण्यापेक्षा आधीचे पाचही नियम खुशाल मोडावेत, असा ऑर्वेल यांचा सहावा नियम आहे. कार्यशाळांपर्यंत नियम तेवढा पोचतो आणि मुरड वाटेतच गळून पडते.

मराठीत अडचण आणखी खोलवरची आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ आला, की मराठीत सहसा कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ हा प्रत्यय लागतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालू लागते. ‘तिने कागद फाडला’, ‘तिने चिठ्ठी फाडली’, ‘तिने पत्र फाडले’ या तिन्ही वाक्यांत फाडणारी व्यक्ती एकच आहे, पण क्रियापद कधी कागदाच्या, कधी चिठ्ठीच्या, तर कधी पत्राच्या मागे जाते. म्हणून व्याकरण या रचनेला कर्मणी म्हणते. परंतु त्याच व्याकरणाने तिला ‘प्रधानकर्तृक कर्मणी’ असे नाव देऊन हेही मान्य केले आहे, की क्रियापद कर्मानुसार बदलले तरी वाक्यावर हुकमत कर्त्याचीच राहते. ‘तिने मुलाला उठवले’ म्हटले, की कर्मालाही प्रत्यय लागल्यामुळे क्रियापद दोघांनाही सोडून तटस्थ नपुंसकलिंगी होते आणि तो भावे प्रयोग ठरतो. ही वाक्ये वाचताना कोणालाही कर्ता हरवल्यासारखा वाटत नाही. उलट ‘ती म्हणाली’ हे वाक्य कर्तरी, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालणारे, आहे आणि ‘तिने सांगितले’ हे कर्मणी. ‘तो धडा शिकला’ कर्तरी, ‘त्याने धडा वाचला’ कर्मणी. या जोड्यांतील एक वाक्य जोरकस आणि दुसरे मिळमिळीत, असे काही दाखवता येईल का? मुळीच नाही. तेव्हा प्रयोगाचे नाव बघून वाक्ये छाटत बसू नका.

जे खरोखर टाळण्यासारखे आहे ते वेगळेच आहे. ‘पत्र फाडले गेले’ ही ‘जाणे’ या क्रियापदाच्या आधाराने केलेली रचना, ‘पत्र फाडण्यात आले’ ही शासकीय परिपत्रकांची रचना, आणि ‘तिच्याकडून पत्र फाडण्यात आले’ किंवा ‘तिच्याद्वारे पत्र फाडले गेले’ अशी या दोहोंना ‘कडून’, ‘द्वारे’ जोडून होणारी रचना, एवढ्यांवर नजर ठेवली तरी पुष्कळ झाले. बातम्या, अहवाल आणि कार्यालयीन पत्रव्यवहार वाचून वाचून या रचना आपल्या हातात इतक्या मुरल्या आहेत, की कथा लिहितानाही त्या आपोआप उतरतात.

नवोदित लेखक त्या वापरतात याचे एक कारण असे, की कर्ता सांगायचा नसेल तर दुसरा मार्गच नाही अशी त्यांची समजूत असते. इंग्रजीत ती बऱ्याच अंशी खरी आहे, मराठीत नाही. पुढची तीन वाक्ये पाहा : ‘त्याला पहाटे पकडण्यात आले. त्याच्या घराची झडती घेण्यात आली. सर्व कागदपत्रे जप्त केली गेली.’ आता हीच घटना अशी लिहून पाहा : ‘त्याला पहाटे पकडले. घराची झडती घेतली. सगळे कागद उचलून नेले.’ पकडणारा कोण, हे दोन्हीकडे सांगितलेले नाही. पण पहिल्या तीन वाक्यांत एक बातमीदार मध्ये उभा आहे, आणि दुसऱ्या तीन वाक्यांत तो बाजूला झाल्यामुळे वाचक थेट त्या घरात पोचतो. मराठी भूतकाळी क्रियापद कर्माशी जोडलेले असल्यामुळे कर्ता नुसता गाळला तरी वाक्य उभे राहते, त्याला ‘गेले’ किंवा ‘आले’ची कुबडी लागत नाही. वर्तमानकाळातही हीच सोय आहे. ‘त्याला वेडा समजले जाते’ असे लिहिण्यापेक्षा ‘त्याला वेडा समजतात’ असे लिहावे; समजणारे ‘लोक’ अध्याहृत राहतात आणि वाक्य बोलल्यासारखे होते.

मग ‘गेले’ आणि ‘ण्यात आले’ कायमचे हद्दपार करायचे का? नाही. तुमच्या पात्राला एक पत्र येते आणि त्यात ‘आपला अर्ज फेटाळण्यात आला आहे’ असे लिहिलेले असते. तेथे फेटाळणाऱ्याला चेहरा नसणे हाच त्या पात्राचा जाच आहे. ते वाक्य सुधारले तर कथाच बिघडेल. आयुष्यभर कार्यालयात टिपणे लिहिलेला एखादा गृहस्थ घरातही ‘सर्वांना कळवण्यात आलेले आहे’ अशा थाटात बोलत असेल, तर तो त्याचा स्वभाव झाला. आणि काही प्रसंगी ही रचना अक्षरशः खरी असते. ‘तो गर्दीत पुढे ढकलला गेला’ या वाक्यात ढकलणारा एकटा कोणी नाही, सगळेच आहेत आणि कोणीच नाही. तेथे ‘लोकांनी त्याला ढकलले’ असे लिहिले तर लोकांनी ठरवून त्याला ढकलल्यासारखे वाटेल.

प्रश्न : माझ्या कथेत ‘त्याच्या हातून काच फुटली’ असे वाक्य होते. संपादकांनी ते दुबळे ठरवून ‘त्याने काच फोडली’ असे केले. मला हा बदल पटला नाही, पण कारण नीट मांडता आले नाही. कोणाचे बरोबर?

उत्तर : तुमचे. दोन वाक्यांत बळाचा फरक नाही, घटनेचाच फरक आहे. ‘त्याने काच फोडली’ म्हटले की दोष त्याच्याकडे जातो, आणि मुद्दाम फोडली असावी अशी शंकाही उभी राहते. ‘काच फुटली’ म्हटले की घटना उरते आणि माणूस दिसेनासा होतो. ‘त्याच्या हातून काच फुटली’ या वाक्यात माणूस समोर उभा आहे, कृत्य त्याचेच आहे, मात्र त्यात हेतू नाही. ‘त्याने काच फुटू दिली’ असे लिहिले, तर त्याला ती वाचवता आली असती आणि त्याने हात पुढे केला नाही, ही पाचपन्नास शब्दांची माहिती एका क्रियापदात येते. ‘त्याच्याकडून काच फोडली गेली’ हे मात्र कोणी बोलतही नाही आणि लिहूही नये.

फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, फाटणे आणि फाडणे, पडणे आणि पाडणे, सुटणे आणि सोडणे, विझणे आणि विझवणे अशा जोड्या मराठीत भरपूर आहेत, आणि कथालेखकाच्या दृष्टीने तो आपल्या भाषेतला मोठा ठेवा आहे. घराघरांत रोज होणारा हा संवाद ऐका :

‘हे काय?’

‘काच फुटली.’

‘फुटली की फोडलीस?’

आरोप, बचाव आणि उलटतपासणी, सगळे एका क्रियापदाच्या दोन रूपांत सामावले आहे. आता हेच मोठ्या माणसाच्या बाबतीत पाहा. ‘नोकरी सोडली’, ‘नोकरी सुटली’ आणि ‘नोकरीवरून काढले’ या तिन्हींचा परिणाम एकच, की माणूस घरी बसला. ज्याला काढले आहे तो पाहुण्यांना ‘नोकरी सुटली’ असे सांगतो, बायकोला ‘मीच सोडली’ असे सांगतो, आणि एखाद्या जुन्या मित्राजवळ कधीतरी ‘काढले रे मला’ असे म्हणतो. या तीन वाक्यांवर एक कथा उभी राहू शकते. तिच्यातील ‘सुटली’ला दुबळे क्रियापद म्हणून बदलणारा संपादक त्या कथेचा कणाच काढून घेईल.

निवेदक स्वतः ‘मी’ असेल तर हे अधिकच जपावे लागते. स्वतःच्या आयुष्याविषयी सांगताना ज्याच्या तोंडी सतत ‘राहून गेले’, ‘तुटले’, ‘हातचे निसटले’ अशीच क्रियापदे येतात, तो माणूस काय लपवतो आहे हे वाचक हळूहळू ओळखू लागतो. ही ओळख लेखकाने जाणूनबुजून घडवलेली असली म्हणजे झाले. नकळत घडली असेल, तर निवेदकाचा पळपुटेपणा लेखकाच्या खात्यावर जमा होतो.

याच ओघात एक सांगून ठेवतो. ‘त्याला जिना चढवेना’, ‘तिला रडू फुटले’, ‘त्याला उठवेना’ या वाक्यांत माणसाला ‘ला’ लागलेला असतो, म्हणजे तो क्रियेचा धनी नसतो, त्याच्यावर काहीतरी येऊन आदळलेले असते. कर्ता ‘सक्रिय’ करण्याच्या भरात काही जण यांचे ‘तो जिना चढू शकला नाही’ असे रूपांतर करतात. ‘चढवेना’मध्ये पायांतले त्राण गेलेले कळते, ‘चढू शकला नाही’ हा त्याच घटनेचा अहवाल झाला. शरीर आणि भावना माणसाचे ऐकेनाशी होतात तेव्हा मराठी माणसाला कर्तेपदावरून खाली उतरवते, आणि ते योग्यच करते.

प्रश्न : माझी वाक्ये ओळीने ‘होता’, ‘होती’, ‘होते’ यांवर संपतात. वाचताना कंटाळा येतो, पण सुटकाही सापडत नाही.

उत्तर : मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, म्हणून जे क्रियापद सगळ्यांत मऊ असते तेच कानात सगळ्यांत जास्त घुमते. ‘खोलीत अंधार होता. खिडकी बंद होती. टेबलावर एक पत्र पडलेले होते. तो खुर्चीत बसलेला होता. त्याचे लक्ष पत्राकडे होते.’ या पाच वाक्यांत चूक एकही नाही, आणि तरीही सगळे ठप्प आहे, कारण पाचही वाक्ये नुसती स्थिती सांगतात. त्यांतील कोणती स्थिती मुख्य आणि कोणत्या तिच्या मागच्या, हे ठरवले की निम्मे काम होते : ‘खोलीत अंधार, खिडकी बंद. तो खुर्चीत बसून टेबलावरच्या पत्राकडे पाहत होता.’ एक ‘होता’ उरला आणि त्याच्यामागे ‘पाहत’ ही चालू क्रिया आली. पार्श्वभूमीच्या वाक्यातून ‘होता’ नुसता काढून टाकणे मराठीला चालते, फक्त हे सलग चार-पाच वेळा केले की गद्य जुन्या टेलिग्रामसारखे तुटक होते.

नेहमी घडणाऱ्या गोष्टींसाठी ‘तो रोज येत होता, बसत होता, बोलत होता’ असे लिहिणे आणखी कंटाळवाणे. त्यासाठी रीतिभूतकाळ आहे : ‘तो रोज येई, घटकाभर बसे आणि न बोलता निघून जाई.’ हे रूप आता बोलण्यातून जवळपास गेले असल्यामुळे त्याला पुस्तकी वास येतो हे खरे. प्रौढ, तटस्थ निवेदकाला ते शोभते. लहान मुलाच्या तोंडी द्यायचे तर ‘यायचा, बसायचा, निघून जायचा’ हेच बरे.

मात्र ‘होता’ काढताना काळ बदलत नाही ना, हे पाहावे. ‘ती पोचली तेव्हा तो निघून गेला होता’ आणि ‘ती पोचली तेव्हा तो निघून गेला’ या दोन वेगळ्या कथा आहेत. पहिल्या कथेत त्यांची भेट झालीच नाही. दुसरीत तो तिला पाहून निघाला असावा.

प्रश्न : सोबत माझ्या कथेतील एक परिच्छेद पाठवत आहे. ‘अचानक तिला कुठेतरी जाणवले, की आपल्या मनात एक प्रकारची भीती निर्माण झाली आहे. तिने हळूच दरवाजाच्या दिशेने पाहण्याचा प्रयत्न केला. तिला असे दिसले, की दरवाजा थोडासा उघडा आहे. ती काहीशी घाबरून मागे सरकू लागली.’ मित्र म्हणतात हा उतारा पिचपिचीत आहे. यात तर ‘गेले’, ‘ण्यात आले’ अशी रचनाही नाही. मग काय बिघडले?

उत्तर : मित्रांचे बरोबर आहे, आणि तशा रचना शोधून हे का सापडले नसते तेही यातून दिसते. येथे कर्ता जागेवर आहे, पण तो आणि घटना यांच्यामध्ये शब्दांचे थर साचले आहेत.

पहिले वाक्य घ्या. भीतीपर्यंत पोचण्याआधी वाचकाला ‘अचानक’, ‘कुठेतरी’, ‘जाणवले’, ‘मनात’ आणि ‘एक प्रकारची’ एवढे पाच उंबरठे ओलांडावे लागतात. ‘कुठेतरी’ हा तर अलीकडच्या मराठीतला साथीचा रोग आहे. मुलाखती आणि भाषणांतून तो कथेत शिरला. मनात ‘कुठेतरी’ म्हणजे नक्की कुठे, असा प्रश्न विचारला की शब्द बहुधा आपणहून उठून जातो. ‘एक प्रकारची भीती’ लिहिणाऱ्याने तो प्रकार सांगावा किंवा नुसते ‘भीती’ म्हणावे. ‘भीती निर्माण झाली’ हे अहवालाचे बोलणे. माणसे घाबरतात, दचकतात, त्यांच्या पोटात गोळा येतो, पाय गळतात, तोंडाला कोरड पडते.

‘पाहण्याचा प्रयत्न केला’ म्हणजे तिने पाहिले की नाही? पुढच्या वाक्यात तिला दिसते, म्हणजे पाहिले. प्रयत्न फसला असेल तरच तो शब्द हवा. डोळ्यांवर पट्टी बांधलेली असेल, किंवा समोर कोणीतरी उभा असेल, तर ‘प्रयत्न’ योग्य ठरेल. ‘तिला असे दिसले, की’ हेही तसेच. आपण तिच्याच नजरेने पाहत आहोत हे एकदा स्थिर झाले, की समोरची वस्तू थेट सांगावी. ती तिलाच दिसते आहे हे वाचकाला कळते. ‘थोडासा उघडा’ या दोन शब्दांसाठी मराठीत ‘किलकिला’ हा एक नेमका शब्द आहे, आणि त्यात चित्रही आहे. शेवटी ‘सरकू लागली’. ‘लागणे’ तेव्हाच वापरावे, जेव्हा क्रियेची सुरुवात महत्त्वाची असते किंवा ती मध्येच थांबणार असते. ‘ती मागे सरकू लागली, तोच तिच्या पाठीला भिंत लागली’ असे असेल तर ‘लागली’ ठेवा, तेही दोनदा येणार नाही याची काळजी घेऊन.

आता हे लिहून पाहू : ‘तिने दरवाजाकडे पाहिले. तो किलकिला होता. मघाशी तिनेच कडी लावली होती. ती मागे सरकली.’ भीती हा शब्द कुठेच नाही, ‘घाबरून’ही नाही. त्यांची जागा कडीच्या वाक्याने भरली. तुमच्या मूळ परिच्छेदात भीतीचे नाव दोनदा घेतले होते, पण घाबरण्याजोगे काही दिलेले नव्हते.

याच जातीचा आणखी एक दोष म्हणजे साध्या क्रियापदाच्या जागी नाम आणि ‘करणे’ बसवणे. ‘त्याने खोलीत प्रवेश केला’ म्हणजे तो खोलीत आला. ‘तिने स्मितहास्य केले’ म्हणजे ती हसली. ‘त्याने नकार दर्शवला’ म्हणजे तो ‘नाही’ म्हणाला किंवा त्याने मान हलवली. यातले काय घडले ते लेखकाने ठरवायचे आहे. पण या शोधात ‘विचार केला’, ‘फोन केला’, ‘मदत केली’ यांच्यामागे लागू नका. ती मराठीची रोजची क्रियापदे आहेत, त्यांना पर्याय शोधाल तर वाक्य कृत्रिम होईल. ‘अतिशय’, ‘प्रचंड’, ‘खूपच’ यांच्याविषयी सर्वांनी सर्व सांगून झाले आहे; त्यात भर घालत नाही.

‘वाटले’ला मात्र सरसकट दोषी धरू नये. ‘तिला वाटले, तो झोपला आहे’ या वाक्यात वाचकाला तो जागा असल्याचे ठाऊक असेल, तर ‘वाटले’ हाच त्या वाक्याचा प्राण आहे. पात्राची समजूत आणि वस्तुस्थिती यांत अंतर असेल तेथे हा शब्द राहू द्यावा, अंतर नसेल तेथे तो गाळावा.

प्रश्न : हे दोष संगणकावर शोधता येतील का?

उत्तर : काही अंशी. पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर ‘ण्यात’, ‘कडून’, ‘द्वारे’, ‘प्रयत्न’, ‘कुठेतरी’, ‘प्रकारच’ हे तुकडे शोधा. ‘गेल’ शोधलेत तर ‘निघून गेला’ आणि ‘फाडले गेले’ दोन्ही समोर येतील; त्यांतले कोणते काढायचे हे तुम्हालाच ठरवावे लागेल. आणि हे काम लिहिताना करू नका. पहिल्या खर्ड्यात प्रत्येक ‘होता’पाशी अडखळणारा लेखक कथा पुरी करत नाही.

प्रश्न : ‘सांगून टाकले’, ‘बोलून गेला’, ‘करून बसला’ यांतील ‘टाकणे’, ‘जाणे’, ‘बसणे’ ही सहायक क्रियापदे अनावश्यक शब्द म्हणून काढावीत का?

उत्तर : अजिबात नाही. ‘तो बोलला’ या वाक्यात केवळ घटना आहे. ‘त्याने बोलून टाकले’ म्हणजे मनावरचे ओझे उतरले. ‘तो बोलून गेला’ म्हणजे तोंडून निसटले, आणि कदाचित त्याच्या लक्षातही आले नाही. ‘तो बोलून बसला’ म्हणजे आता निस्तरणे आले. ‘त्याने बोलून घेतले’ म्हणजे पुन्हा संधी मिळणार नाही हे त्याला ठाऊक होते. ‘त्याने बोलून दाखवले’ म्हणजे इतके दिवस मनात होते, ते समोरच्याला ऐकवले. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या या एका शब्दात बोलणाऱ्याचे मन येते, त्यासाठी वेगळे वर्णन करावे लागत नाही. शब्द वाचवण्यासाठी ते काढून टाकले, तर पुढे ‘त्याला पश्चात्ताप झाला’ असे वाक्य लिहावे लागेल आणि हिशेब उलटाच होईल.

‘धाडकन’, ‘चटकन’, ‘टचकन’ या क्रियाविशेषणांचेही असेच आहे. क्रियाविशेषणे छाटा, हा उपदेश ‘रागाने म्हणाला’, ‘प्रेमाने पाहिले’ अशांना लागू करा. नादावरून आलेल्या या शब्दांना नको. एका पानावर दोन झाले तर एक काढा, इतकेच.

प्रश्न : मी रहस्यकथा लिहितो. गुन्हा करणारा शेवटपर्यंत लपवायचा असल्यामुळे ‘कपाट उघडले गेले’, ‘पाकीट काढले गेले’ अशीच वाक्ये लिहावी लागतात. ती टाळता येतील का?

उत्तर : टाळता येतील, आणि टाळावीतच, कारण रहस्यकथेचा मुरलेला वाचक ‘उघडले गेले’ दिसताच लेखक येथे कोणालातरी पडद्याआड ढकलतो आहे हे ओळखतो. तुमची खरी अडचण क्रियापदाच्या लिंगाची आहे. ‘कोणीतरी आत शिरला’ म्हटले की पुरुष, ‘शिरली’ म्हटले की स्त्री, असा संशयितांचा निम्मा गट पहिल्याच ओळीत मोकळा होतो. ‘कोणीतरी आत शिरले’ असे नपुंसकलिंगी रूप वापरून हे निभावते. पुढे तर ज्या कर्मणी प्रयोगावरून या सदराची सुरुवात झाली तोच उपयोगी पडतो : ‘कोणीतरी कपाट उघडले, पाकीट काढून घेतले आणि कडी पुन्हा लावली.’ ‘उघडले’ कपाटाप्रमाणे, ‘घेतले’ पाकिटाप्रमाणे आणि ‘लावली’ कडीप्रमाणे चालले. कर्ता कृती करताना दिसतो, पण स्त्री की पुरुष याचा मागमूस लागत नाही.

गुन्हेगार स्वतःच ‘मी’ म्हणून कथा सांगत असेल, तर ही युक्ती आणखी दूर नेता येते, कारण ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागलेलाही दिसत नाही. ‘मी दार उघडले, दिवा लावला, पत्र वाचले’ हे कोणीही म्हणू शकते. पकडले जाण्याची जागा म्हणजे अकर्मक क्रियापदे : ‘गेलो’ की ‘गेले’, ‘बसलो’ की ‘बसले’. त्यांच्या जागी ‘मी आत पाऊल टाकले’, ‘मी खुर्ची ओढून घेतली’, ‘मला आत जावे लागले’ अशी वाक्ये योजावी लागतील. ‘म्हणालो’ आणि ‘विसरलो’ हीदेखील उघडी पाडणारी आहेत, म्हणून निवेदकाला ‘सांगितले’ आणि ‘विचारले’ यांवर भागवावे लागेल. भविष्यकाळ सुरक्षित आहे (‘मी जाईन’), आणि सवयीची गोष्ट सांगताना ‘मी जात असे’ हेही. ‘जायचो’ किंवा ‘जायचे’ मात्र नको. वर्तमानकाळात कथा सांगण्याचा मोह टाळा, कारण ‘उघडतो’ आणि ‘उघडते’ यांत लपायला जागाच नाही.

इतर पात्रे निवेदकाशी बोलतात तेथेही सावध राहा. ‘तू कधी आलास?’ या एका प्रश्नाने सगळी मेहनत वाया जाईल, तर ‘तू हे काय केलेस?’ यातून काहीच कळणार नाही. सोपा उपाय म्हणजे निवेदकाला ज्यांच्याशी बोलावे लागते ती माणसे त्या व्यक्तीला ‘तुम्ही’ म्हणतील अशीच नाती योजणे, म्हणजे हाताखालचे कर्मचारी, शेजारी, चौकशीला आलेला अधिकारी. ‘तुम्ही कधी आलात?’ हा प्रश्न पुरुषालाही विचारता येतो आणि स्त्रीलाही. नवरा, बायको, भावंडे आणि जुने मित्र यांना मात्र शेवटच्या प्रकरणापर्यंत त्या खोलीत येऊ देऊ नका.